फॉरमॅट करण्याआधी: हातातल्या टॅब्लेटमधील मेमरी कार्ड वारंवार का बिघडते

प्रश्न असा आहे. हातात मावणारा एक इंटरनेट टॅब्लेट आहे आणि त्यातल्या ६४ जीबीच्या मायक्रोएसडी कार्डावर ऑफलाइन नकाशे, उतरवून घेतलेली पुस्तके, गाणी आणि छायाचित्रे ठेवलेली आहेत. दर दोन-तीन महिन्यांनी ‘मेमरी कार्ड करप्ट झाले आहे’ असा संदेश येतो, फॉरमॅट केले की कार्ड पुन्हा नीट चालू लागते आणि काही आठवड्यांनी पहिले पाढे पंचावन्न. अशी तीन कार्डे झाली. दोष कार्डाचा आहे की टॅब्लेटचा, आणि चौथे कार्ड घेताना काय पाहावे, असे आपण विचारले आहे.

लागोपाठ तीन कार्डे वाईट निघावीत हे अशक्य नाही, पण माझ्या अनुभवात ते क्वचितच घडते. मी अनेक वर्षे अशी उपकरणे दुरुस्त करते आणि ‘मेले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कार्डांपैकी बरीचशी मेलेली नव्हती. त्यांच्यावरची नोंद विस्कटलेली होती, साठवणीची जागा शाबूत होती. म्हणून माझी पहिली विनंती अशी की, संदेश दिसताच फॉरमॅटचे बटण दाबू नये. त्या संदेशाचा अर्थ एवढाच की टॅब्लेटला कार्डावरची फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कोठे आहे याची नोंद, उघडता आली नाही. त्यामागे बॅटरी असू शकते, स्लॉट असू शकतो, अर्धवट राहिलेले लेखन असू शकते, खोटी क्षमता सांगणारे कार्ड असू शकते किंवा खरोखर झिजलेले कार्ड असू शकते. आणि फॉरमॅट केल्याने यांतल्या नेमक्या कोणत्या कारणाने घात केला, त्याचा पुरावाच पुसला जातो. आपल्या बाबतीत तो पुरावा आतापर्यंत अनेकदा पुसला गेला आहे.

कारणे वेगळी करायची तर कार्डाच्या आत काय असते हे थोडे समजून घ्यावे लागते. १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड अशा त्या तुकड्यात फ्लॅश मेमरीबरोबर (वीज नसतानाही माहिती टिकवणाऱ्या साठवणीबरोबर) एक छोटा प्रोसेसर, म्हणजे कंट्रोलर, असतो आणि त्याचे स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे आत भरलेला प्रोग्राम, असतो. हार्डवेअर संशोधक ॲन्ड्र्यू हुआंग आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये हॅम्बर्ग येथील केऑस कम्युनिकेशन काँग्रेस या हॅकरांच्या संमेलनात काही कार्डांच्या आतला हा प्रोसेसर ताब्यात घेऊन त्यावर स्वतःचा प्रोग्राम चालवून दाखवला होता. या प्रोसेसरची गरज फ्लॅशच्या स्वभावामुळे पडते. फ्लॅशमध्ये काही किलोबाइटचे एक पान लिहिता येते, पण पुसायचे झाले तर शेकडो किलोबाइटपासून काही मेगाबाइटपर्यंतचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्याने तो थोडा झिजतो. एका सेलमध्ये (साठवणीच्या सर्वांत लहान खणात) एकच बिट, म्हणजे शून्य किंवा एक, ठेवणारी जुनी फ्लॅश साधारण १ लाख वेळा पुसणे सहन करत असे. दोन बिट ठेवणारी काही हजार वेळा, आणि आजच्या बहुतेक कार्डांतली तीन बिट ठेवणारी फ्लॅश त्याहून कमी, हजाराच्या आसपास. झीज सगळीकडे सारखी वाटली जावी म्हणून आतला कंट्रोलर माहितीची जागा सतत बदलत राहतो आणि कोणती गोष्ट आता कोठे आहे याचा एक तक्ता ठेवतो. टॅब्लेटला हा तक्ता कधीच दिसत नाही.

याचा अर्थ, कार्डावर दोन नोंदवह्या एकाच वेळी लिहिल्या जात असतात. एक टॅब्लेटची, म्हणजे फाइल सिस्टिम, दुसरी कंट्रोलरची. लिहिता लिहिता वीज गेली तर यांपैकी कोणतीही अर्धवट राहू शकते, आणि दुसरी अर्धवट राहणे अधिक वाईट, कारण ती दुरुस्त करण्याचे साधन वापरणाऱ्याच्या हातात नसते. त्यात आणखी एक खोच आहे. एका सेलमध्ये दोन किंवा तीन बिट असतात तेव्हा ते वेगवेगळ्या पानांचे असतात. त्यामुळे नव्या पानाचे लेखन मध्येच तुटले तर त्याच सेलमध्ये आधी व्यवस्थित लिहिलेले जुने पानही बिघडू शकते. ‘त्या फोटोंना तर मी सहा महिन्यांत हातही लावला नव्हता, मग ते कसे गेले?’ असे लोक विचारतात, त्याचे एक उत्तर येथे सापडते.

आता फाइल सिस्टिमकडे येऊ. ३२ जीबीपर्यंतची कार्डे सहसा फॅट३२ मध्ये आणि त्यापुढची एक्सफॅटमध्ये तयार केलेली असतात. या दोन्ही पद्धती सर्व उपकरणांना वाचता याव्यात म्हणून साध्या ठेवलेल्या आहेत आणि त्यांच्यात जर्नल नाही; म्हणजे ‘मी आता अमुक बदल करणार आहे’ अशी आगाऊ नोंद त्या ठेवत नाहीत. फॅट३२ मध्ये निदान मुख्य तक्त्याच्या दोन प्रती असतात. एक्सफॅटमध्ये सर्वसाधारणपणे एकच असते. म्हणूनच त्याच सवयीने वापरलेले ३२ जीबीचे कार्ड वर्षानुवर्षे टिकले आणि ६४ जीबीचे दोनदा कोसळले, असे घडले तर मला त्यात नवल वाटत नाही. जपून वापरले तर एक्सफॅटही उत्तम चालते, पण अचानक वीज तुटणे तिला कमी सोसते.

हातातल्या उपकरणात वीज अचानक तुटते कधी? बॅटरी पूर्ण संपून टॅब्लेट बंद पडतो, तो प्रसंग सर्वांना माहीत असतो. त्याहून फसवा प्रसंग जुन्या बॅटरीचा. माझ्याकडे एकदा असाच टॅब्लेट आला होता, ज्यात दोन कार्डे बदलूनही बिघाड थांबत नव्हता. मालकाने बिघाडाच्या तारखा आणि वेळा लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या पाहताच लक्षात आले की प्रत्येक वेळ संध्याकाळची होती, जेव्हा बॅटरी उतरत आलेली असे. पडद्यावर १५ ते २० टक्के चार्ज दिसत असतानाच वाय-फाय जोरात काम करू लागले, पडद्याचा उजेड वाढवला आणि त्याच क्षणी काहीतरी डाउनलोड होऊन कार्डावर लिहिले जाऊ लागले, की बॅटरीचे व्होल्टेज क्षणभर खाली बसत असे. टॅब्लेट त्यातून तगून राहत असे, कार्ड मात्र राहत नसे, कारण कार्डाला ३.३ व्होल्टच्या आसपासचा स्थिर पुरवठा लागतो आणि लिहिताना ते वाचनापेक्षा अधिक प्रवाह ओढते. बॅटरी बदलली, कार्ड तेच ठेवले, आणि तक्रार थांबली. आपला टॅब्लेट तीन-चार वर्षांचा असेल किंवा चार्ज २० टक्क्यांवरून एकदम ५ वर घसरत असेल, तर चौथ्या कार्डाच्या आधी बॅटरीचा विचार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

झोपेतून उठणे हा याच कुळातला दुसरा प्रसंग आहे. टॅब्लेट झोपी जातो तेव्हा वीज वाचवण्यासाठी तो कार्डाचा पुरवठा तोडू शकतो आणि जागा होताना कार्डाची ओळख नव्याने करून घेतो. ही ओळख एखादे वेळी फसली, तर उघड्या फाइलींच्या दृष्टीने कार्ड मध्येच उपटून काढल्यासारखे होते. त्यातच स्वस्त कार्डे आतली आवराआवर करताना उत्तर द्यायला वेळ लावतात. एसडीच्या नियमांत एका लेखनासाठी २५० मिलिसेकंदांची मर्यादा होती, मोठ्या कार्डांसाठी ती ५०० झाली. तरी प्रत्यक्षात काही कार्डे याहून जास्त वेळ घेतात असे आढळल्याने लिनक्स कर्नलने (अँड्रॉइडसारख्या प्रणालींच्या गाभ्यातल्या प्रोग्रामने) लेखनासाठी वाट पाहण्याची मुदत ३ सेकंदांपर्यंत वाढवली आहे. जुन्या कर्नलवर चालणारा टॅब्लेट इतका वेळ थांबत नाही, कार्ड मेले असे समजून मोकळा होतो, आणि तेच कार्ड संगणकात घातल्यावर खणखणीत चालते.

वापराच्या सवयीकडेही पाहावे लागेल. कार्ड हे मुळात छायाचित्रे आणि चित्रफिती सलग लिहिण्यासाठी घडवलेले साधन आहे, आणि आपण त्याला ब्राउझरची कॅशे (तात्पुरती साठवण), ॲपचा डेटाबेस, संदेशांची नोंद असे बारीकसारीक आणि विखुरलेले लेखन करायला लावतो. कंट्रोलर जागेचा विचार मोठ्या तुकड्यांत करतो, असा तुकडा पुष्कळदा ४ मेगाबाइटचा असतो, आणि असे मोजकेच तुकडे तो एका वेळी उघडे ठेवू शकतो. लेखन त्याहून जास्त ठिकाणी विखुरले की एक तुकडा आवरून बंद करायचा आणि दुसरा उघडायचा, अशी त्याची धावपळ सुरू होते. वाईटात वाईट स्थितीत ४ किलोबाइटच्या एका बदलापायी ४ मेगाबाइट हलवावे लागतात, म्हणजे हजार पटीहून अधिक काम आणि तितकीच जास्त झीज. नोकियाच्या ७७० आणि एन८०० या सुरुवातीच्या इंटरनेट टॅब्लेटांत रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, अनुक्रमे ६४ आणि १२८ एमबी इतकीच असल्यामुळे कार्डावर व्हर्च्युअल मेमरी (रॅमला पुरवणी जागा) ठेवण्याची सोय दिलेली होती; सोय उपयोगी होती, पण कार्डावर असा सततचा भार टाकणे मला तेव्हाही पटत नव्हते आणि आजही पटत नाही. त्यात कार्ड जवळजवळ भरलेले असेल तर कंट्रोलरला हालचालीसाठी मोकळी जागाच उरत नाही. निदान दहावा हिस्सा रिकामा ठेवावा.

अँड्रॉइडच्या ६.० या २०१५ सालच्या आवृत्तीपासून कार्ड ‘अंतर्गत साठवण’ म्हणून जोडून घेण्याचा पर्याय आला. आपण तो निवडला असेल तर दोन गोष्टी ध्यानात असाव्यात: एक म्हणजे ॲपचे बारीक लेखन कार्डावर जाऊ लागते, आणि दुसरे म्हणजे कार्ड त्या टॅब्लेटच्या किल्लीने एन्क्रिप्ट होते, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद होते, त्यामुळे टॅब्लेट बिघडला तर कार्ड शाबूत असूनही त्यातले काही वाचता येत नाही. छायाचित्रे ठेवण्यासाठी हा पर्याय मी कोणालाही सुचवणार नाही.

स्लॉटविषयी थोडक्यात. मायक्रोएसडीला आठ सोनेरी पट्ट्या असतात आणि बोटांचा तेलकटपणा किंवा खिशातली तूस तेथे संपर्क बिघडवायला पुरेशी ठरते. कार्ड आणि उपकरण यांच्यामधल्या देवाणघेवाणीवर सीआरसी तपासणी (माहिती वाटेत बिघडली का ते आकड्याने पडताळणे) असते, त्यामुळे खराब संपर्कामुळे चुकीची माहिती निमूटपणे लिहिली जाण्यापेक्षा चूक झाल्याची सूचना मिळण्याची शक्यता अधिक. कर्नलची नोंद पाहण्याची परवानगी असेल तर हा भेद तेथे स्पष्ट दिसतो: ‘वजा ८४’ ही चूक सीआरसी न जुळल्याची, म्हणजे बहुधा पट्ट्या किंवा स्लॉट यांची, आणि ‘वजा ११०’ म्हणजे कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही. पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसाव्यात. खोडरबर वापरू नये. त्याने सोन्याचा पातळ थर खरवडला जातो आणि त्याचा चुरा स्लॉटमध्ये जातो.

आता मला आपल्या बाबतीत सर्वांत जास्त संशय आहे त्या कारणाकडे येते. फॉरमॅट केल्यावर काही आठवडे सुरळीत आणि मग अचानक बिघाड, हे लक्षण खोट्या क्षमतेच्या कार्डाशी तंतोतंत जुळते. अशा कार्डात खरी फ्लॅश ८ किंवा १६ जीबीची असते, पण फर्मवेअर टॅब्लेटला ६४ जीबी असे सांगते. खऱ्या मर्यादेपर्यंत सगळे ठीक लिहिले जाते. त्यापुढचे लेखन एकतर हवेत विरते किंवा फिरून सुरुवातीच्या जागेवर येऊन पडते, जेथे फाइल सिस्टिमचे तक्ते असतात. आणि ते तक्ते झाकले गेले की सगळे कार्डच करप्ट दिसू लागते. फॉरमॅट केल्यावर कार्ड रिकामे होते, म्हणून पुन्हा भरेपर्यंत त्याच्याबद्दल तक्रार नसते. फाइलींची नावे, आकार आणि छोटी प्रतिमा दिसते पण पूर्ण चित्र उघडत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण आहे. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: ६४ जीबीच्या खऱ्या कार्डावरही टॅब्लेट ५९ जीबीच्या आसपास जागा दाखवू शकतो, कारण उत्पादक अब्जांत मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीत. ती फसवणूक नव्हे.

खरोखर झिजलेल्या कार्डाची खूण निराळी असते आणि एकदा पाहिली की विसरत नाही. आपण फाइल डिलीट करतो, ती यादीतून जाते, कार्ड काढून पुन्हा घातले की फाइल जागच्या जागी परत. फॉरमॅटही ‘यशस्वी’ होते आणि सगळा मजकूर तसाच राहतो. याचे कारण असे की राखीव ब्लॉक संपल्यावर अनेक कंट्रोलर लेखन कायमचे बंद करतात आणि फक्त वाचू देतात. असे कार्ड दुरुस्त होत नाही, पण आतला मजकूर बहुधा सुखरूप असतो. त्याच दिवशी तो उतरवून घ्यावा.

तर आता प्रत्यक्षात काय करावे. पुढच्या वेळी संदेश आला की टॅब्लेट बंद करावा, कार्ड काढावे आणि चांगल्या कार्ड रीडरने संगणकाला जोडावे. संगणक ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असे विचारील. त्याला नकार द्यावा, कारण ती दुरुस्ती मूळ कार्डावरच लिहिते आणि धागा तुटलेल्या फाइलींचे तुकडे करून ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात बिनओळखीच्या फाइली टाकून मोकळी होते. त्याऐवजी आधी डीडीरेस्क्यूने संपूर्ण कार्डाची प्रतिमा काढावी. हा प्रोग्राम अडणारे भाग बाजूला ठेवून चांगले भाग आधी वाचून घेतो, आपल्या प्रगतीची नोंद ठेवतो आणि मग अडलेल्या भागांकडे परत येतो, त्यामुळे दुबळ्या कार्डावर कमीत कमी ताण पडतो. पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेच्या प्रतीवर करावी. फाइल सिस्टिम सावरली नाही तरी फोटोरेक हा प्रोग्राम तिच्याकडे न पाहता थेट चित्रांच्या खुणा शोधून ती बाहेर काढतो. नावे आणि फोल्डर मात्र मिळत नाहीत.

मजकूर सुरक्षित झाल्यावर कार्डाची परीक्षा घ्यावी. लिनक्सवर एफ३ आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हे प्रोग्राम कार्ड ओळखीच्या मजकुराने काठोकाठ भरतात आणि मग तो शब्दशः तपासतात. ६४ जीबीच्या कार्डाला लिहायलाच तास-दीड तास लागू शकतो. घाई करून अर्ध्यावर थांबवू नये, कारण खोटेपणा नेमका दुसऱ्या अर्ध्यात लपलेला असतो. एफ३ चा अहवाल वाचताना ‘ओव्हररिटन’ या रकान्याकडे पाहावे. तेथे मोठा आकडा असेल तर एका जागेचा मजकूर दुसऱ्या जागी सापडला आहे, आणि असे कार्ड खोटे आहे याविषयी शंका ठेवण्याचे कारण नाही. नुसतेच ‘करप्टेड’ सेक्टर (साठवणीचे छोटे भाग) असतील तर खोटेपणा किंवा झीज, दोन्ही शक्य आहेत.

आपल्याकडे तिन्ही जुनी कार्डे अजून असतील तर ती टाकून देऊ नयेत. त्यांच्यातच आपले उत्तर आहे. तिन्ही संगणकात अशा परीक्षेला बसवावीत. तिन्ही नापास झाली, तर तीन वेगळ्या बिघाडांपेक्षा ती एकाच ठिकाणाहून आलेली असण्याची शक्यता आधी तपासावी. एखादेही पूर्ण उत्तीर्ण झाले, तर तेच कार्ड टॅब्लेटमध्ये घालून परीक्षा तेथे घ्यावी, एकदा पूर्ण चार्ज असताना आणि एकदा बॅटरी उतरलेली असताना. रीडरमध्ये उत्तीर्ण आणि टॅब्लेटमध्ये नापास, असे झाले तर दोष टॅब्लेटचा आहे आणि कितीही महाग कार्ड घेतले तरी तो जाणार नाही. फक्त कमी बॅटरीवर नापास झाले तर बॅटरी बदलावी. दोन्हीकडे उत्तीर्ण झाले तर मी झोपेतून उठण्याच्या प्रसंगावर संशय घेईन: गाणे चालू ठेवून टॅब्लेट झोपवावा आणि उठवावा, असे पंधरा-वीस वेळा करून पाहावे.

चौथे कार्ड घेताना वेगाच्या मोठ्या आकड्यांनी भारावून जाऊ नये. क्लास १०, यू३ किंवा व्ही३० ही चिन्हे सलग लेखनाचा किमान वेग सांगतात, विखुरलेल्या लेखनाविषयी ती काहीच सांगत नाहीत. टॅब्लेटसाठी ए१ हे चिन्ह अधिक कामाचे, कारण ते सेकंदाला किमान १५०० वाचने आणि ५०० लेखने इतक्या बारीक कामाची हमी देते. ए२ मध्ये हे आकडे ४००० आणि २००० आहेत, परंतु ते गाठण्यासाठी कमांड क्यू (कामे रांगेत लावण्याची सोय) आणि कॅशे यांना उपकरणाचीही साथ लागते, आणि जुन्या टॅब्लेटमध्ये ती नसते. डॅशकॅमसाठी विकली जाणारी ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्डे सलग लेखनाच्या हिशेबाने मोजलेली असतात. ती घ्यायला हरकत नाही, पण त्यांच्यावर छापलेले तास आपल्या वापराला लागू पडतील असे मानू नये.

कार्ड हाती आल्यावर त्यावर काहीही ठेवण्याआधी, परत करण्याची मुदत बाकी असतानाच, पूर्ण भरून परीक्षा घ्यावी. नंतर फॉरमॅट शक्यतो टॅब्लेटमध्येच किंवा एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटर या प्रोग्रामने करावे. हा प्रोग्राम पार्टिशनची (कार्डावरच्या वापरायच्या विभागाची) सुरुवात कार्डाच्या आतल्या तुकड्यांशी जुळवून घेतो, ३२ जीबीच्या कार्डावर सहसा ४ मेगाबाइटवर आणि ६४ जीबीच्या कार्डावर १६ मेगाबाइटवर. इतर साधनांनी ती सुरुवात तिरकी पडली तर प्रत्येक लेखन दोन तुकड्यांना शिवते आणि झीज वाढते. ब्राउझरची कॅशे आणि ॲपचा डेटा टॅब्लेटच्या आतल्या साठवणीत राहू द्यावा, कार्डावर नकाशे, पुस्तके आणि गाणी ठेवावीत, जी एकदा लिहिली की पुढे फक्त वाचायची असतात. ती गेली तर पुन्हा उतरवता येतात. छायाचित्रांचे तसे नाही, म्हणून त्यांची दुसरी प्रत दर आठवड्याला संगणकावर घ्यावी, आणि ती घेताना केबल ओढून काढण्याआधी ‘सुरक्षितपणे काढा’ हे बटण दाबून ते काम पूर्ण होईपर्यंत थांबावे.